पिंजऱ्यातला माणूस आणि त्याचे दोन सिनेमे

'द कॅबिनेट ऑफ डॉक्टर कॅलिगरी' हा १९२० सालचा जर्मन मूकपट फिल्म सोसायटीच्या वाटेला गेलेल्या प्रत्येकाने एकदा तरी पाहिलेला असतो. वाकड्या भिंती, रंगाने काढलेल्या सावल्या, जत्रेत तंबू ठोकून बसलेला चष्मेवाला डॉक्टर आणि त्याच्या पेटीत झोपलेला, काळ्या घट्ट कपड्यांतला सिझारे. डॉक्टर झाला होता व्हेर्नर क्राउस आणि सिझारे झाला होता कॉनराड फाइट. या चित्रपटावर आपल्याकडे लिहून लिहून कागद झिजले आहेत, त्यात मी भर घालणार नाही. मला वेड लागलं ते या दोघांच्या पुढच्या वीस वर्षांचं. एकाच ऐतिहासिक माणसावर सहा वर्षांच्या अंतराने दोन चित्रपट निघाले, एक लंडनमध्ये, एक बर्लिनमध्ये. पहिल्यात फाइट होता, दुसऱ्यात क्राउस. पहिला ज्यूद्वेषाला जाब विचारण्यासाठी काढलेला, दुसरा तोच द्वेष पेटवण्यासाठी. पहिला आज कुणाला फारसा आठवत नाही. दुसरा चित्रपटांच्या इतिहासातल्या प्रत्येक जाडजूड पुस्तकात असतो.

तो माणूस म्हणजे योसेफ स्यूस ओपेनहायमर. जन्म १६९८, हायडेलबर्ग. सावकारी, नाणी पाडण्याचे मक्ते, सरदारांचे हिशेब सांभाळणं, या कामांत तो तरबेज. १७३२ च्या सुमारास त्याची गाठ पडली कार्ल अलेक्झांडर नावाच्या राजपुत्राशी. राजपुत्र पराक्रमी, पण खिसा कायम फाटका. पुढच्याच वर्षी तो व्युर्टेम्बर्गचा ड्यूक झाला आणि स्यूसचं नशीब उघडलं. प्रजा प्रोटेस्टंट, ड्यूक कॅथलिक, दरबारी मंडळींना त्याचा राग, आणि ड्यूकला तर फौजेसाठी आणि चैनीसाठी पैसा हवा. तो स्यूसने उभा करून दिला. मिठाचे, तंबाखूचे मक्ते काढले, नवनवे कर बसवले. लोकांना ड्यूकवर चिडता येत नव्हतं, ते स्यूसवर चिडले. मार्च १७३७ मध्ये लुडविग्सबर्गच्या राजवाड्यात ड्यूक अचानक वारला आणि त्याच रात्री स्यूसला अटक झाली. खटला वर्षभरात उरकला. निकालपत्रात नेमका गुन्हा कोणता, हे न्यायाधीशांनी लिहिण्याचे कष्टसुद्धा घेतले नाहीत. ख्रिस्ती धर्म स्वीकार, असा आग्रह त्याला तुरुंगात शेवटपर्यंत होत राहिला. तो बधला नाही. ४ फेब्रुवारी १७३८ रोजी श्टुटगार्टमध्ये हजारो लोकांसमोर त्याला फाशी दिलं आणि प्रेत लोखंडी पिंजऱ्यात घालून टांगून ठेवलं. ते सहा वर्षं तसंच होतं.

आणि तो फास! त्याची गोष्ट मला राहवत नाही म्हणून सांगतो. हा लोखंडी फाशीचा खांब स्यूससाठी बनवलेला नव्हता. १५९७ साली गेओर्ग होनाउअर नावाच्या किमयागाराने तेव्हाच्या ड्यूकला लोखंडाचं सोनं करून देतो म्हणून थाप मारली. सोनं काही झालं नाही. तेव्हा ज्या लोखंडाचं सोनं व्हायचं होतं त्याचाच खांब उभारून होनाउअरला त्यावर लटकवलं. जवळपास दीडशे वर्षांनी राज्याच्या तिजोरीसाठी पैसा उभा करणारा दुसरा माणूस त्याच खांबावर गेला. कादंबरीकाराने असं लिहिलं असतं तर आपण म्हटलं असतं, जरा अतिच होतंय.

युरोपातल्या ज्यूद्वेषाची पार्श्वभूमी दोन ओळींत उरकतो, कारण त्यावर मराठीतही भरपूर वाचायला मिळतं. जमीन घ्यायची नाही, कारागिरांच्या संघात शिरायचं नाही, ठरवून दिलेल्या गल्लीत राहायचं. उरला तो पैशाचा व्यवहार, आणि तो केला की पैशाचे लोभी म्हणून पुन्हा शिव्या खायच्या. दरबाराला मात्र असा एखादा ज्यू सावकार हाताशी लागायचाच. आपल्या वाचकाला हे मनापासून कळायला थोडं जड जातं. कोकणातल्या बेने इस्रायलींना गावाने 'शनिवार तेली' म्हटलं, शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून, आणि विषय तिथेच संपला. डेव्हिड अब्राहम पडद्यावर आला की हा ज्यू आहे असं कुणाच्या मनातही येत नसे. त्यामुळे स्यूसच्या गोष्टीतला डंख आपल्याला आपोआप जाणवत नाही. समजून घ्यावा लागतो.

ही गोष्ट कथेत प्रथम आणली व्हिल्हेल्म हाउफने, १८२७ मध्ये. पण तिला खरी उंची दिली लिऑन फॉइख्टवांगरने. म्युनिकचा हा लेखक आपल्याला परका नाही, निदान नसावा. पहिल्या महायुद्धाच्या काळात त्याने शूद्रकाच्या 'मृच्छकटिका'वरून 'वसंतसेना' हे जर्मन नाटक बेतलं आणि ते तिकडे चांगलं चाललं. देवलांचं 'संगीत मृच्छकटिक' ज्यांच्या घरी पाठ होतं त्यांनी हे लक्षात ठेवावं. त्याच सुमाराला त्याने वॉरन हेस्टिंग्जवरही नाटक लिहिलं. हेस्टिंग्जच्या नाटकात सत्ता हातात आलेला आणि तिच्यापायी गुंतत गेलेला माणूस आहे, 'वसंतसेने'त निरपराध माणूस वधस्तंभापर्यंत नेला जातो. या दोन्ही गोष्टी पुढे स्यूसमध्ये एकत्र आल्या असं मला नेहमी वाटतं. कुणा अभ्यासकाने असं म्हटलेलं नाही, माझंच मत आहे. स्यूसवर त्याने आधी नाटक लिहिलं, ते त्याला पुरेसं वाटलं नाही, मग १९२५ मध्ये कादंबरी आली आणि जगभर खपली. १९३३ मध्ये नाझी सत्तेवर आले तेव्हा फॉइख्टवांगर व्याख्यानांसाठी अमेरिकेत होता. मागे त्याचं घर लुटलं गेलं, पुस्तकं जाळली गेली, नागरिकत्व काढून घेतलं गेलं.

आता लंडन, म्हणजे १९३४ चा 'ज्यू स्यूस'. गोमाँ-ब्रिटिश कंपनी, निर्माता मायकेल बाल्कन, दिग्दर्शक लोथार मेंडेस. मेंडेस बर्लिनचा ज्यू, कलादिग्दर्शक आल्फ्रेड युंगे जर्मन, नायक जर्मन. ब्रिटिश सेन्सॉर त्या काळात हिटलरच्या जर्मनीवर थेट बोट ठेवणाऱ्या पटकथांना परवानगी देत नव्हतं, परराष्ट्र संबंध बिघडतील म्हणून. मग उपाय काय? दोनशे वर्षं मागे जायचं. राज्यकर्त्यांना टोले मारायला आपल्या नाटककारांनी पुराणकथेचा आडोसा घेतला होता, इथे इतिहासाचा घेतला. चित्रपटाच्या सुरुवातीलाच पाटी येते, ती अठराव्या शतकातल्या छळाबद्दल बोलते आणि त्यात बहिष्काराचा शब्द वापरते. १ एप्रिल १९३३ रोजी जर्मनीभर ज्यूंच्या दुकानांवर बहिष्कार घातला गेला होता. १९३४ च्या प्रेक्षकाला ती पाटी दोनदा वाचायची गरज नव्हती. पुढे एक पात्र हताशपणे शतकं मोजतं आणि १९३० पर्यंत येऊन थांबतं. एवढं स्पष्ट बोलूनही सेन्सॉरने कात्री चालवली नाही. सगळ्यांनी विगा घातल्या होत्या ना!

चित्रपटातला स्यूस गुणाचा पुतळा नाही, आणि म्हणूनच मला तो आवडतो. त्याला सत्ता हवी आहे. आपल्या माणसांसाठी हवी आहे असं तो म्हणतो, पण ती मिळत जाते तशी ती त्याला स्वतःसाठीच हवीहवीशी होते. ड्यूकला खूश ठेवण्यासाठी तो दरबारातल्या वाइसनझेच्या मुलीला त्याच्या तावडीत जाऊ देतो. बाप सूड घेतो. स्यूसने जगापासून लपवून ठेवलेली त्याची मुलगी नाओमी कुठे आहे हे तो ड्यूकला दाखवतो. ड्यूक तिच्या मागे लागतो, ती जीव वाचवायला छपरावर चढते आणि तिथून पडून मरते. याच स्यूसला दरम्यान कळलेलं असतं की त्याचा जन्मदाता ज्यू नव्हता, एक ख्रिस्ती सरदार होता. खटल्याच्या वेळी एवढं एक वाक्य बोलला असता तर सुटला असता. तो बोलत नाही. हा धागा फॉइख्टवांगरचा. खऱ्या स्यूसबद्दल इतिहास तसं सांगत नाही. पण त्या एका मौनात चित्रपटाचा सगळा जीव आहे. ज्याने आयुष्यभर वर चढण्यासाठी काहीही केलं, त्याला खाली उतरायची एकच शिडी मिळते आणि तो तिला हात लावत नाही.

फाइटचा चेहरा इथे पाहावा. आधीच्या भागात तो झुकतो, हसतो, डोळे बारीक करतो, हातातल्या रुमालाशी खेळतो; दरबारात वावरणाऱ्याचं सगळं कसब त्या उंच, सडपातळ देहात आहे. शेवटी दाढी वाढलेली, खांदे पडलेले, पण नजर मात्र प्रथमच स्थिर. पिंजरा वर चढत जातो, बर्फ पडत असतं, त्याच्या ओठांवर 'शमा इस्राएल' ही प्रार्थना असते. पुढारी मंडळी खाली उभी राहून मान वर करून पाहतात. बाकी चित्रपटात दोष आहेत. संवाद जड आहेत, मधला भाग रेंगाळतो, वाइसनझे झालेले जेराल्ड द्यु मॉरिए रंगमंचावरून थेट उतरून आल्यासारखे बोलतात. पण ती शेवटची काही मिनिटं मी पुनःपुन्हा पाहिली आहेत आणि ती जुनी झालेली नाहीत.

फाइटबद्दल किती सांगू? १८९३ साली बर्लिनमध्ये जन्मलेला, जातिवंत प्रोटेस्टंट जर्मन. पत्नी इलोना प्रागर मात्र ज्यू. नाझींनी नटांकडून वंशाचा फॉर्म भरून घ्यायला सुरुवात केली तेव्हा याने आपल्या नावापुढे 'ज्यू' असं लिहिलं, असं सांगतात. स्यूसची भूमिका करणार हे कळल्यावर जर्मनीत गेलेल्या फाइटला तिथे अडकवून ठेवलं गेलं. निमित्त प्रकृतीचं. लंडनच्या कंपनीने आपला डॉक्टर पाठवला, प्रकृती ठणठणीत असल्याचं सिद्ध झालं, मग सुटका. पुढे 'द थीफ ऑफ बगदाद'मध्ये तो म्हैसूरच्या साबूसमोर दुष्ट जाफर झाला आणि 'कासाब्लांका'त मेजर स्ट्रासर. नाझींपासून पळालेला नट आयुष्याच्या शेवटी नाझी अधिकारी रंगवत राहिला आणि मिळकतीतला मोठा वाटा ब्रिटनच्या युद्धमदतीला देत राहिला. ३ एप्रिल १९४३ रोजी लॉस एंजेलिसमध्ये गोल्फ खेळताना हृदय बंद पडून गेला. वय ५०.

इथे एक आडवाट घेतो, संपादक कापणार नाहीत या भरवशावर. याच फाइटने १९२१ मध्ये 'द इंडियन टूम्ब' या मूकपटात एश्नापूर नावाच्या काल्पनिक संस्थानाचा महाराजा रंगवला होता. पटकथा होती फ्रित्स लांग आणि थेआ फॉन हार्बो यांची. हार्बोबाई पुढे 'मेट्रोपोलिस' लिहिणार होत्या. नाझी आल्यावर लांग देश सोडून गेला, बाई राहिल्या. आणि त्यांचं पुढचं लग्न, तेही गुपचूप, झालं एका मराठी माणसाशी: बर्लिनमध्ये पत्रकारिता करणारे बेळगावकडचे अयी तेंडुलकर. नाझी राजवटीत जर्मन बाईने भारतीयाशी उघड लग्न करणं शक्य नव्हतं. युद्धाच्या तोंडावर तेंडुलकर परतले, बेळगावात वर्तमानपत्र काढलं, इंग्रजांनी तुरुंगात टाकलं, आणि पुढे त्यांनी इंदुमती गुणाजींशी लग्न केलं. इकडे हार्बोबाई ज्या दिग्दर्शकांसाठी पटकथा लिहीत होत्या त्यांत एक नाव होतं फाइट हार्लान. 'देर हेर्शर' (१९३७) त्यांनी लिहिला, त्याने केला, नाझी प्रचारमंत्री गोबेल्स खूश झाला. आडवाट संपली, कारण आपण हार्लानपाशी पोचलो.

१९४० चा 'यूड स्यूस' हार्लानचा. गोबेल्सला लंडनच्या चित्रपटाला उत्तर हवं होतं. कथेचे प्रसंग तेच दिसतात, ड्यूक तोच, फाशी तीच. फरक कुठे केला ते पाहण्यासारखं आहे. मौन काढून टाकलं. इथला स्यूस शेवटी गयावया करतो, आपण केवळ ड्यूकचे हुकूम पाळले असं ओरडतो. मुलगी काढून टाकली. तिच्या जागी एक ख्रिस्ती मुलगी आली, स्यूस तिच्यावर बलात्कार करतो आणि ती पाण्यात जीव देते. ती झाली होती हार्लानची बायको क्रिस्टिना झ्योडरबाउम. ड्यूकचा सगळा पापाचा वाटा स्यूसच्या पदरात टाकला आणि शेवटी ज्यूंना राज्यातून हाकलण्याचा हुकूम वाचून दाखवला. द्वेषाचा चित्रपट बनवायला नवी गोष्ट लागत नाही, चांगल्या गोष्टीतली दोन पात्रं बदलली की काम होतं. हॉलिवुडच्या १९३४ च्या 'द हाउस ऑफ रॉथ्सचाइल्ड'बाबत तर तेवढंही करावं लागलं नाही. ज्यूंची कणव यावी म्हणून काढलेल्या त्या चित्रपटातले प्रसंग उचलून नाझींनी आपल्या 'देर एविगे यूडे' या प्रचारपटात जसेच्या तसे चिकटवले.

आणि दुर्दैव असं की हार्लानला सिनेमा येत होता. टेबलावर सोन्याची नाणी ओतली जातात आणि बघता बघता त्यांच्या जागी नाचणाऱ्या मुली दिसू लागतात. झग्यातला, दाढीतला स्यूस विरघळत जातो आणि त्या जागी गुळगुळीत दाढी केलेला दरबारी उभा राहतो. व्हेनिसला सप्टेंबर १९४० मध्ये पहिला खेळ झाला तेव्हा तरुण मायकेलँजेलो अँटोनिओनीने कौतुकाचं परीक्षण लिहिलं. होय, तोच आपल्या 'लाव्हेंतुरा'वाला. फिल्म सोसायटीत त्याची पूजा बांधणाऱ्यांनी हेही माहीत करून घ्यावं. त्याच महिन्यात एसएस-प्रमुख हिमलरने एसएस आणि पोलिसांनी हा चित्रपट पाहावा असा आदेश काढला. २ कोटींहून अधिक लोकांनी तो पाहिला. छळछावण्यांतल्या पहारेकऱ्यांना तो दाखवत आणि त्यानंतर कैद्यांवर जास्त मार पडे, हे पुढे फ्रँकफर्टच्या आउश्वित्स खटल्यात एका आरोपी पहारेकऱ्यानेच सांगितलं.

क्राउस? त्याने या चित्रपटात एक नाही, अनेक ज्यू रंगवले: म्हातारा रब्बी, स्यूसचा चिटणीस लेव्ही, शिवाय एक-दोन लहान भूमिका. वेगवेगळे चेहरे, पण आतून सगळे एकच, असं प्रेक्षकाला वाटावं म्हणून. अभिनय म्हणून ते काम अफाट आहे आणि तेच त्याचं पाप आहे. वीस वर्षांपूर्वी दुसऱ्याला संमोहित करून खून पाडणारा डॉक्टर त्याने रंगवला होता. सिझारे निघून गेला होता, डॉक्टरने धंदा चालू ठेवला. १९५४ मध्ये त्याला जर्मन रंगभूमीवरची मानाची इफ्लांड अंगठी मिळाली.

फॉइख्टवांगरने १९४१ मध्ये अमेरिकेतून या चित्रपटातल्या बर्लिनच्या नटांना उद्देशून उघड पत्र लिहिलं. त्यांतले बरेच त्याच्या परिचयाचे होते. मुख्य भूमिका करणारा फर्डिनांड मारियान ती टाळायला बघत होता. १९४६ मध्ये मोटार अपघातात गेला. संगीतकार वोल्फगांग त्सेलरची गंमत वेगळीच. 'यूड स्यूस'ला संगीत दिलं आणि युद्धानंतर, १९४७ मध्ये, ज्यूंच्या छळावरच्या 'एहे इम शाटन' या चित्रपटालाही त्यानेच दिलं. गरजेप्रमाणे व्हायोलिनं दोन्हीकडे रडतात.

हार्लानवर मानवतेविरुद्धच्या गुन्ह्याचा खटला हँबर्गमध्ये चालला. माझ्यावर जबरदस्ती झाली, मी कलावंत, राजकारणाशी माझा संबंध नाही, हे त्याचं म्हणणं. १९४९ मध्ये निर्दोष सुटला, चाहत्यांनी खांद्यावर घेऊन मिरवलं. वरच्या न्यायालयाने खटला परत पाठवला, १९५० मध्ये पुन्हा सुटला. न्यायाधीश स्वतः नाझी काळातला सरकारी वकील होता. हार्लानची पहिली बायको डोरा गेर्सन ज्यू गायिका होती, तिला दुसरा नवरा आणि दोन मुलांसह १९४३ मध्ये आउश्वित्सला मारलं गेलं. 'मी फक्त कलावंत' हे वाक्य मी आपल्याकडेही बऱ्याच तोंडून ऐकलं आहे. दरवेळी मला ही चार माणसं आठवतात.

हार्लान सुटला, पण त्याला एक माणूस आडवा गेला. एरिख ल्युथ, हँबर्गच्या सरकारी प्रसिद्धी विभागाचा प्रमुख. १९५० मध्ये हार्लानचा नवा, निरुपद्रवी प्रेमपट येऊ घातला तेव्हा ल्युथने त्यावर बहिष्कार घालण्याचं आवाहन केलं. निर्मात्यांनी मनाईहुकूम आणला. ल्युथ थेट कार्ल्सरूहच्या घटनात्मक न्यायालयात गेला आणि १५ जानेवारी १९५८ रोजी जिंकला. मतस्वातंत्र्य लोकशाहीच्या पायाशीच असतं असं सांगणारा हा निकाल जर्मन घटनेच्या विद्यार्थ्याला आजही पाठ करावा लागतो. एका विषारी चित्रपटातून शेवटी निघालेलं अमृत हे एवढंच.

माझा पुतण्या मोटारींच्या कामासाठी श्टुटगार्टला असतो. श्टुटगार्ट १९६८ पासून मुंबईचं भगिनी शहर आहे, पण मुंबईत हे कुणाला सांगितलं तर लोक मोटारींच्या कंपन्यांची नावं सांगतात. तो मला लुडविग्सबर्गचा राजवाडा दाखवायला घेऊन गेला. ४५२ खोल्या. शरद ऋतू होता, बागेत भोपळ्यांचं प्रदर्शन, हिरवे, पांढरे, चामखिळी आलेले, माणसाच्या उंचीच्या आकृत्या भोपळ्यांनी रचलेल्या; पोरांची झुंबड. आत गाइडबाई झुंबरं आणि आरसे दाखवत होत्या. ड्यूक वारला ती रात्र कशी होती, असं मी विचारलं, तेव्हा त्या जरा थबकल्या, मग मला बाजूला घेऊन बराच वेळ बोलल्या. दुसऱ्या दिवशी श्टुटगार्टमधला योसेफ स्यूस ओपेनहायमर चौक पाहिला. हे नाव १९९८ मध्ये दिलं. चौक कसला, मोठ्या रस्त्याला जाता जाता ओलांडावा एवढी जागा. पुतण्या तिथून कितीदा तरी गेला होता, पाटी त्याने कधी वाचली नव्हती. मी त्याला तिथेच उभं करून सगळी कथा सांगितली. त्याला भूक लागली होती, पण ऐकली बिचाऱ्याने.

हार्लानचा चित्रपट जर्मनीत आजही मोकळा नाही. ज्या संस्थेकडे हक्क आहेत ती तो फक्त प्रास्ताविक आणि चर्चेसह दाखवू देते. हे धोरण मला पटतं. एकट्याने मोबाइलवर बघायची ती गोष्ट नव्हे. पण १९३४ चा 'ज्यू स्यूस' दाखवायला अशी काही अडचण नाही. पुण्या-मुंबईतल्या आणि कोल्हापूर, नाशिक, औरंगाबादकडच्या फिल्म सोसायट्यांना माझी विनंती आहे: 'कॅलिगरी' पुन्हा लावाल तेव्हा दुसऱ्या दिवशी हा लावा. पावणेदोन तासांच्या आसपासचा आहे, मधला भाग कंटाळवाणा वाटला तरी कुणी उठून जाऊ नका.